उपचार संपले, आता टाळ हाती घ्या, पण बेतानं

कॅन्सरचे उपचार संपले की घरचे लोक डॉक्टरांना ठरलेले प्रश्न विचारतात. जेवायला काय द्यायचं, पुन्हा कधी दाखवायचं, शेतात कधीपासून जाऊ द्यायचं. आपल्या जालना जिल्ह्यात आणखी एक प्रश्न येतो. तो बहुतेक वेळा उठता उठता, जरा संकोचून विचारला जातो: ‘भजनाला बसलं तर चालेल का?’ संकोच कशाला? अंबडला दत्तजयंतीचा संगीत महोत्सव रंगतो, समर्थांचं जांब आपल्याच जिल्ह्यात आहे आणि सप्ताह बसत नाही असं गाव शोधावं लागेल. गाणं हा इथल्या माणसाच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. त्यामुळे बरं होण्यातही त्याला जागा हवी.

माझं उत्तर असं आहे: बसा. मात्र सुरुवात मंडळात नको, घरात करा. आणि गाण्याकडे व्यायाम म्हणून बघा. व्यायाम थोडा करून वाढवायचा असतो, दुखलं तर कमी करायचा असतो आणि कुठला झेपेल हे कुठलं ऑपरेशन झालंय त्यावर ठरतं. गाण्याचंही तसंच आहे.

गाण्यानं काय होतं, काय होत नाही

अमुक राग ऐकल्यानं गाठ विरघळते, असे संदेश मोबाइलवर फिरतात. ते खोटे आहेत. कुठल्याही सुरानं कॅन्सर बरा होत नाही. संगीतावर भरवसा ठेवून एकही गोळी किंवा एकही तपासणी चुकवू नका.

गाण्यानं दुसरं काहीतरी होतं आणि तेही कमी मोलाचं नाही. कॅन्सरच्या रुग्णांसाठी संगीताचा कितपत उपयोग होतो, याचा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०२१ मध्ये आढावा घेतला. त्यात ८१ चाचण्या आणि ५,५७६ रुग्ण होते. मोठ्या माणसांमध्ये चिंता, उदासी, वेदना आणि थकवा कमी व्हायला संगीताची मदत होऊ शकते, असा त्याचा निष्कर्ष होता. पुरावा सगळीकडे सारखा भक्कम नाही, हेही त्यांनी नोंदवलं आहे.

मला जास्त भावला तो २०१६ मधला वेल्समधला अभ्यास. पाच गायनवृंदांतले १९३ जण ७० मिनिटं एकत्र गायले. त्यानंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालेलं आढळलं आणि मनही हलकं झालं. त्यात फक्त रुग्ण नव्हते. त्यांची काळजी घेणारे होते आणि आपलं माणूस गमावलेलेही होते. न गाणाऱ्यांशी तुलना केलेली नसल्यानं हा अभ्यास प्राथमिकच म्हणायचा. तरी घरच्यांसाठी त्यात एक खूण आहे. डबा, रिक्षा, फाइल आणि रात्रीची जाग यांत सहा-आठ महिने पिचलेल्या बायकोला, मुलाला, सुनेलाही गाण्याची तेवढीच गरज असते.

तोंड आणि घसा

तंबाखू, गुटखा आणि मिसरीमुळे आपल्याकडे तोंडाचे रुग्ण फार. रेडिएशननंतरचे तोंडातले फोड बहुतेकांचे चार ते आठ आठवड्यांत भरून येतात. तोवर गळा मोकळा सोडून गाऊ नका. घरच्यांनी गावं, तुम्ही हातानं ताल धरावा. फोड भरले आणि डॉक्टरांनी होकार दिला, की गुणगुणण्यापासून सुरू करा. ओठ मिटून, खालच्या पट्टीत, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा. ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढणं हाही स्वरयंत्रावर जोर न पडणारा चांगला व्यायाम आहे. गिळताना ठसका लागत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज बसलेला वाटला, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा आणि वेळ निम्मी करा.

भजनी मंडळांची पट्टी चढी असते. पूर्वी तुम्ही काळी पाचमध्ये गात असाल, पण आता तिथं आवाज ओढू नका. पेटीवाल्याला पट्टी उतरवायला सांगा. अभंग तोच राहतो.

तोंड उघडण्याचा व्यायाम गाण्याआधी करा. साधारण तीन बोटं उभी आत जायला हवीत. आइस्क्रीमच्या स्वच्छ चपट्या काड्या एकावर एक ठेवून, डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टनं दाखवल्याप्रमाणे, हळूहळू काडी वाढवत जा. हा व्यायाम महिनोन्‌महिने चालू ठेवायचा आहे. सोडला की जबडा पुन्हा आखडतो.

लाळ कमी झाल्यानं तोंड कोरडं पडतं. जवळ पाण्याची बाटली ठेवा, दर कडव्यानंतर घोट घ्या. इथं एक गोष्ट भेटायला येणाऱ्यांसाठी. जालन्याची मोसंबी नावाजलेली, तिला भौगोलिक मानांकनही आहे, त्यामुळे रुग्णाला भेटायला जायचं म्हणजे मोसंबीची पिशवी न्यायची, ही रीतच झाली आहे. रेडिएशन झालेल्या तोंडाला ती झोंबते. शिवाय लाळ कमी असताना आंबट-गोड रस दातांवर राहिला की दात किडतात. वरण, कढण, दुधात कुस्करलेली भाकरी, अंडं हे बरं. जबड्याला रेडिएशन झालं असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दात काढून घेऊ नका. हाड न भरण्याचा धोका असतो. मानेला रेडिएशन झालेल्यांनी थायरॉइडची टीएसएच तपासणी सहा ते बारा महिन्यांनी करावी. थकवा, जाड झालेला आवाज आणि वाढतं वजन यांचं मूळ कधी कधी तिथं असतं.

आवाज बदलला म्हणून लाजून गप्प बसणारे अनेक. शरद पवारांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २००४ मध्ये झालं. बोलणं पूर्वीसारखं राहिलं नाही, सभा मात्र थांबल्या नाहीत. तंबाखूबद्दल ते स्वतः लोकांना सावध करत आले. राजकारण बाजूला ठेवून एवढं घेण्यासारखं आहे. तंबाखू अजून सुटली नसेल तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर मदत मिळते. घरातल्या इतरांनीही सोडावी. समोर मळत बसलेला भाऊ असताना रुग्णाची सुटत नाही.

स्वरयंत्र काढलं असेल तर

गळ्याला छिद्र असलेल्या माणसाचं गाणं संपलं, असं समजू नका. तो पखवाज वाजवू शकतो, पेटी वाजवू शकतो. बोलण्यासाठी छोटी झडप बसवता येते; बंगळुरूत डॉ. विशाल राव यांनी गरिबांना परवडेल अशी ‘ॐ’ नावाची झडप तयार केली. ब्रिटनमध्ये ‘शाउट अॅट कॅन्सर’ नावाचा स्वरयंत्र काढलेल्यांचा गायनवृंद आहे. आपल्या भजनात मात्र तीन गोष्टी सांभाळा: बुक्का, गुलाल आणि धूप. गळ्याच्या छिद्रातून हे सगळं थेट श्वासनलिकेत जातं. छिद्रावर पातळ सुती कापड असू द्या, उधळण चालू असेल तिथून बाजूला बसा आणि वारीत नदीत उतरू नका.

स्तन, छाती आणि पोट

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याचा धोका असतो. म्हणून हात बांधून ठेवायचा नाही. शिकवलेले खांद्याचे व्यायाम करा, हलकी झांज किंवा चिपळ्या वाजवा, दहा मिनिटांनी थांबा. वारकऱ्यांचे जड टाळ सुरुवातीला नकोत. वीणा त्या खांद्यावर अडकवू नका. पेटीचा भाता त्या बाजूच्या हाताला जड जात असेल, तर नातवाला भाता मारायला बसवा आणि तुम्ही सूर धरा. दोघांत मिळून एक पेटी वाजवण्यात मजाही आहे. बांगड्या घट्ट व्हायला लागल्या तर दाखवा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पोटाच्या ऑपरेशननंतर निदान सहा ते आठ आठवडे पेटी उचलायची नाही, पखवाज गळ्यात अडकवायचा नाही आणि बेंबीच्या देठापासून आरोळी द्यायची नाही. टाक्यांच्या जागी हर्निया होतो. सर्जननं सांगितलेली मुदत याहून लांब असेल तर तीच पाळा. गाताना पोटावर मऊ उशी धरली की जोर कमी लागतो.

फुप्फुसाचं ऑपरेशन झालेल्यांनी लांब आलाप सोडून छोट्या तुकड्यांत गावं. इथं कुमार गंधर्वांची आठवण येणारच. त्यांचा आजार कॅन्सर नव्हता, क्षय होता. १९४८ मध्ये ते देवासला राहायला गेले. कित्येक वर्षं गाणं बंद होतं आणि एक फुप्फुस निकामी झालं होतं. त्या अंथरुणावर त्यांनी माळव्याची लोकगीतं कान देऊन ऐकली, पत्नी भानुमतींनी शुश्रूषा केली. पुढे परतले ते छोट्या, टोकदार सुरावटींची गायकी घेऊन. दम कमी आहे म्हणून गाणं कमी दर्जाचं होत नाही, याचं याहून मोठं उदाहरण मराठी माणसाला कशाला हवं?

केमोनंतरची बोटं आणि कान

काही औषधांनी बोटांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. औषध थांबल्यावरही तो काही महिने वाढू शकतो. घाबरू नका, पण सांगा. बधिर बोटांना टाळाची दोरी आवळून गुंडाळली तर कापल्याचं कळत नाही. वाजवून झालं की दोन्ही हात उजेडात नीट बघा.

सिस्प्लाटिन या औषधानं उंच सूर ऐकू येणं कमी होतं, कानात शिटी वाजल्यासारखं होतं. टाळाचा खणखणाट बोथट वाटू लागला तर वाद्याला दोष देऊ नका, कान तपासा. डीजे आणि सप्ताहातला भोंगा यांपासून लांब राहा.

पांढऱ्या पेशी कमी असताना गर्दीचं कीर्तन, जत्रा, दिंडी टाळा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त असेल तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा. बासरी, सुंदरी अशी तोंडानं वाजवायची वाद्यं एकमेकांत वापरू नका.

घरच्यांसाठी

कॅन्सर लागट नाही. वेगळं ताट, वेगळा माठ, वेगळी खाट यांची गरज नाही. जवळ बसून गा. संध्याकाळी दिवेलागणीला हरिपाठ म्हणण्याची वेळ ठरवा आणि पहिल्या आठवड्यात दहा-पंधरा मिनिटांवर थांबा. मग दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवा. रुग्णाला पाहुण्यासारखं समोर बसवून त्याला गाऊन दाखवू नका. त्याला काम द्या: अभंग निवडणं, ध्रुपद धरणं, नातीला चाल शिकवणं. बाईमाणसांनी जात्यावरच्या ओव्या नातवंडांना सांगाव्यात. अंगात बळ आलं की पावली खेळा. चालण्याचा व्यायामही त्यात होतो. आठवड्याला एकूण १५० मिनिटं दम थोडा वाढेल इतकी हालचाल हे लक्ष्य ठेवा, पण एका दिवसात गाठायचं नाही. सप्ताहातला रात्रीचा विण्याचा पहारा या वर्षी दुसऱ्याला द्या.

‘आवाज अगदी पहिल्यासारखा झालाय’ असं खोटं सांगू नका. त्याला ते कळतं. दोन आठवडे झाले तरी माणूस गाण्यापाशी येत नाही, जेवत नाही, झोपत नाही, बोलत नाही, तर तो हट्ट नाही. ती उदासीनतेची लक्षणं असू शकतात. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक त्यासाठीच आहे.

रोज एकत्र बसण्याचा आणखी एक फायदा असा, की बदल आधी घरच्यांच्या कानावर येतो. आवाज तीन आठवड्यांहून जास्त घोगरा राहिला, गिळताना अडकू लागलं, मानेत गाठ लागली, तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही, थुंकीत रक्त आलं, एका कानात सतत ठणका लागला किंवा कारण नसताना वजन उतरलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा. छत्रपती संभाजीनगरची राज्य कर्करोग संस्था आपल्यापासून साठेक किलोमीटरवर आहे. बरं वाटतंय म्हणून तिथल्या तारखा सोडू नका. तोंड-घशाच्या रुग्णांना पहिली दोन वर्षं तर वारंवार बोलावतात, कारण आजार उलटण्याची भीती तेव्हाच जास्त असते.

पुढच्या तारखेला फाइलबरोबर तीन प्रश्न लिहून न्या: मी किती वेळ गाऊ? कुठलं वाद्य धरू? किती वजन उचलू? उत्तरं मिळाली की मंडळाला निरोप धाडा: येतोय, पण पट्टी माझी राहील.