गिधाडे कशाने संपली? रसायनाचा धोका जोखताना

पिंगळीच्या शिवारात एखादा बैल किंवा म्हैस दगावली, तर मढे उघड्यावर टाकावे की पुरावे? प्रश्न साधा वाटतो. पण एका पक्ष्याचा वंश टिकणे त्यावर अवलंबून आहे.

पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. संशय प्रथम कीटकनाशकांवरही गेला. तो अगदीच गैर नव्हता. डीडीटी, बीएचसी यांसारखी रसायने लवकर विघटित होत नाहीत, चरबीत साठून राहतात. मातीतून किड्यात, किड्यातून पाखरात, पाखरातून शिकारी पक्ष्यात त्यांचे प्रमाण पायरीपायरीने वाढत जाते. परदेशात ससाण्यांच्या अंड्यांचे कवच डीडीटीमुळे इतके पातळ झाले, की अंडी उबवतानाच फुटू लागली. आपल्याकडे शेतीसाठी डीडीटी १९८९ पासून, तर बीएचसी १९९७ पासून बंद आहे.

गिधाडांचे खरे कारण मात्र २००४ मध्ये उघड झाले. ते म्हणजे जनावरांच्या सुजेवर व दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक. हे औषध डीडीटीसारखे टिकत नाही, जनावराच्या अंगातून काही दिवसांत निघून जाते. पण ते दिल्यावर लगेच दगावलेल्या जनावराचे मांस खाल्ले, की गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात. शंभरात एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असले, तरी एवढी घट होऊ शकते, असा संशोधकांचा हिशेब आहे. एका मढ्यावर कितीतरी गिधाडे उतरतात आणि मादी वर्षाला एकच अंडे घालते. मग तूट भरून निघणार कशी?

तेव्हा रसायन किती काळ टिकते एवढेच पाहून भागत नाही. ते कोणाच्या पोटात जाते आणि त्या जातीची वाढ किती सावकाश होते, हेही पाहावे लागते. गाईला जे औषध, तेच गिधाडाला विष ठरले.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ मध्ये, तर किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅकवर २०२३ मध्ये बंदी आली. पशुवैद्यकांकडे मेलॉक्सिकॅमची मागणी करा. ते गिधाडांना सुरक्षित आढळले आहे. माणसांचे डायक्लोफिनॅक इंजेक्शन जनावराला टोचू नका. उपचार चालू असताना दगावलेले जनावर विहीर व ओढ्यापासून दूर, खोल खड्ड्यात पुरा. गोठ्याच्या कोपऱ्यात बीएचसी पावडरचे जुने पोते पडून असेल, तर ते नाल्यात रिकामे करू नका. कोरड्या जागी बंद ठेवून कृषी अधिकाऱ्यांना कळवा.