कोयत्याचे पाणी

दसरा उलटला की केज तालुक्यातील ऊसतोड कामगार बिऱ्हाड पाठीशी बांधून साखर कारखान्यांच्या मुलखाकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची मोजदाद हत्याराच्या नावाने व्हावी, हे ऐकून मन विषण्ण होते. मजुरी तोडलेल्या उसाच्या वजनावर मिळते. कोयता बोथट निघाला तर कमाई घटते. म्हणून निघण्यापूर्वी लोहाराच्या भात्यापाशी गर्दी होते.

लोहार कोयता लालबुंद तापवितो, ऐरणीवर ठोकून त्याची कड पातळ करतो आणि तेवढीच कड पाण्यात बुडवितो. चर्र असा आवाज होतो. यालाच पाणी देणे म्हणतात. तापलेल्या पोलादात कार्बनचे परमाणू लोहाच्या परमाणूंमध्ये विखुरलेले असतात. पोलाद सावकाश निवाले तर ते वेगळे होतात; एकदम निवाले तर जागच्या जागी कोंडले जातात व पोलाद विलक्षण कठीण होते. परंतु असे पाते ठिसूळ असते. उसाच्या कांड्यावर घाव बसताच त्याची कपची उडावयाची! जाणता लोहार ते पुन्हा किंचित तापवितो. घासून उजळलेल्या कडेवर पिवळसर झाक चढली की तो थांबतो. कठीणपणा थोडा उणावतो, पण पात्याच्या अंगी चिवटपणा येतो.

अलीकडे धातूच्या वस्तू घडविण्याची एक निराळीच रीत निघाली आहे. तिला त्रिमितीय मुद्रण म्हणतात. तीत घण नाही, साचाही नाही. धातूची पिठासारखी भुकटी पातळ थराने पसरतात आणि लेसर किरणाने आकृतीबरहुकूम हवी तेवढीच वितळवितात. त्यावर दुसरा थर, मग तिसरा, अशी वस्तू भिंतीप्रमाणे चढत जाते. वितळलेला ठिपका क्षणार्धात गोठतो, त्यामुळे धातूतील स्फटिककण फार बारीक राहतात. धातू वाकतो तेव्हा आतील परमाणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. शेताच्या बांधाशी पाणी अडावे तशी ही घसरण कणांच्या सीमेपाशी अडते. कण बारीक असले म्हणजे सीमा वाढतात व धातू बळकट होतो.

मात्र येथेही ठिसूळपणाची खोड आहेच. टायटॅनियममध्ये 6 टक्के ॲल्युमिनियम व 4 टक्के व्हॅनेडियम मिसळून केलेला मिश्रधातू या रीतीने घडविला, तर त्याच्या पोटात सुयांसारखी बारीक रचना होते. तो बळकट असतो, पण ताणला असता लवकर तुटतो. त्यातून असमान निवण्यामुळे आत ताण कोंडलेला असतो, आणि एखादे सूक्ष्म छिद्र राहून गेले तर तेथूनच भेग सुरू होते. म्हणून अशी वस्तू पुन्हा भट्टीत तापवावी लागते. केजच्या लोहाराला हे नवे वाटणार नाही.

9 मे 2024 रोजी भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने पीएसएलव्ही अग्निबाणाच्या चौथ्या टप्प्याचे असे घडविलेले इंजिन 665 सेकंद पेटवून पाहिले. ते चाचणीस उतरले. पूर्वी त्यात 14 भाग व 19 जोड असत. हे इंजिन एकसंध होते.