शाळेत मुलाखतीला निघालीस ना, मग एवढं ऐकून जा

पोरी, शिक्षक भरतीच्या 'मुलाखतीसह'च्या यादीत नाव आलं, पेढे वाटून झाले, आता जरा बैस. 200 गुणांच्या टेट परीक्षेनं तुला संस्थेच्या दारापर्यंत आणलं. आत गेल्यावर पाठ घेऊन दाखवायचा आणि प्रश्नांना उत्तरं द्यायची. आपल्या सोलापुरात पेठ बदलली की वर्गातली बोली बदलते, म्हणून तयारी समितीसाठी करू नकोस, त्या शाळेतल्या पोरांसाठी कर. समितीला तेच बघायचं असतं.

1. आदल्या दिवशी शाळा बघून ये, तीही सुटायच्या वेळी — फाटकाबाहेर दहा मिनिटं थांबलीस की पोरं कुठून येतात, कुणाबरोबर जातात, घरच्यांशी कुठल्या भाषेत बोलतात, सगळं कळतं.

2. सोलापूरच्या पूर्व भागातली शाळा असेल तर वर्गात घरी तेलुगू बोलणारी पोरं असणार, अक्कलकोटकडे कन्नड बोलणारी. कुणी 'पुस्तक पडली' म्हणालं तर हसू नकोस — त्यांच्या घरच्या भाषेत निर्जीव वस्तूंना आपल्यासारखं तो-ती-ते नसतं, ते इथं येऊन शिकावं लागतं.

3. मूळ कागद एका फायलीत, झेरॉक्स दुसऱ्या फायलीत, आणि दोन्ही अर्जातल्या क्रमानं लाव — पडताळणीच्या टेबलावर शोधाशोध झाली की तीच धांदल पुढं पाठात उतरते. फाईल जागेवर, तर जीभ जागेवर.

4. दहावीच्या प्रमाणपत्रावरचं नाव आणि आत्ताचं नाव वेगळं असेल तर राजपत्राची प्रत जवळ ठेव, आणि राखीव जागेवर असशील तर जात वैधता नि नॉन-क्रीमीलेअरची मुदत आजच तपास — हे कागद एका दिवसात निघत नाहीत.

5. पाठ टाचण स्वतःच्या हातानं लिही आणि त्यात उद्दिष्ट एकच ठेव — वेळ हातात थोडा असतो, आणि तीन गोष्टी शिकवायला गेलं की एकही पोचत नाही.

6. अपूर्णांक घेणार असशील तर कागदाच्या दोन सारख्या भाकरी कापून ने. एकीचे दोन समान तुकडे कर, दुसरीचे चार, आणि मग विचार, 'मोठा तुकडा कुठला?' — चार हा आकडा दोनापेक्षा मोठा, म्हणून पाव अर्ध्याहून मोठा, असं कितीतरी पोरांना मनापासून वाटतं. ते त्यांच्या तोंडून निघालं आणि दोन तुकडे एकमेकांवर ठेवून त्यांनीच खोडलं, की पाठ तिथंच साधला.

7. खडू मोडून हातात घे, आणि लिहिताना अंग जरा वर्गाकडे कललेलं असू दे — अख्खा नवा खडू फळ्यावर किरकिरतो, आणि पूर्ण पाठ फिरवली की मागची बाकं सुटतात.

8. समोर पोरं नसून नुसती समिती बसली असेल, तरी प्रश्न विचारून थांब, मनात तीन आकडे मोज, मगच पुढं बोल — स्वतःच विचारून स्वतःच उत्तर देणारी बाई वर्गातही तेच करणार, हे जुन्या मुख्याध्यापकांना लगेच ओळखू येतं.

9. 'मूल ऐकतच नसेल तर काय कराल?' हे विचारतीलच. आधी कारण शोधीन म्हण, आणि 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 ध्यानात ठेव — मारणं तर नाहीच, मानसिक छळही त्यानुसार चालत नाही, आणि चारचौघांत अपमान करणं हाही छळच.

10. 'पोर आठवडाभर आलं नाही तर?' याला 'घरी जाऊन येईन' हे उत्तर दे, आणि ते खरं करायची तयारी ठेव — आई विड्या वळायला बसली की धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहते, आणि गावाकडं ऊसतोडीला आईबापाबरोबर पोरंही जातात. नुसत्या चिठ्ठीनं ती परत येत नाहीत.

11. डिसले गुरुजींचं नाव निघालं, तर माढा तालुक्यातली परितेवाडीची शाळा, पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड आणि 2020 चा जागतिक शिक्षक पुरस्कार एवढं ठाऊक असू दे. पण त्यावर थांबू नकोस, त्यातलं तू तुझ्या वर्गात काय करशील ते सांग — दुसऱ्याच्या कामानं मान उंचावते, नोकरी आपल्याच कामानं मिळते.

12. येत नसेल तर 'आत्ता सांगता येणार नाही, बघून सांगेन' असं स्वच्छ म्हण — पोरांसमोरही हेच म्हणावं लागणार आहे, आणि थाप मारणारी बाई पोरांना आठवड्यात कळते.

13. 'काही विचारायचंय का?' म्हटल्यावर मान हलवून उठू नकोस; कुठले वर्ग मिळतील, वर्गात पोरं किती, साहित्य काय आहे ते विचार — कामाचं विचारणारी माणसं कामाला आलेली वाटतात.

14. मानधनाचं गणित घरीच कर: पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, 1 जानेवारी 2023 पासून प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000, उच्च माध्यमिकला 20,000 रुपये महिना — खोलीभाडं आणि एसटीचा खर्च त्यातून भागतो का, हे आधी कळलेलं बरं.

15. कुणी आडून 'संस्थेला काही मदत' म्हणालं तर नमस्कार करून बाहेर ये, शेत विकायला तर मुळीच निघू नकोस — पैशानं घेतलेली खुर्ची पैशानंच हलते.

16. निवड झाली तर लेखी नियुक्तीपत्र घे, आणि शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता नि शालार्थ आयडी यांचा नेमानं, गोड बोलून पाठपुरावा कर — यातलं एक अडलं तरी पगार अडतो.

17. उन्हाळ्यात बोलावणं आलं तर सुती साडी किंवा ड्रेस, सवयीच्या चपला, निघताना भाकरी आणि ताक, बरोबर पाण्याची बाटली — सोलापूरच्या उन्हात उपाशी पोटी ताटकळलं की पाठ असलेलंही आठवत नाही.

18. मुलाखत पुण्यात सकाळची असेल तर आदल्या रात्रीच मुक्कामाला जा — सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पुण्याला पोचेपर्यंत दहा वाजून जातात.

19. बाहेर पडल्यावर जिन्यातच विचारलेले प्रश्न वहीत उतरव — इथं नाही झालं तर पुढच्या संस्थेसाठी तीच तुझी शिदोरी, आणि मागून येणाऱ्या मैत्रिणीचीही.

20. रुजू झालीस की पहिल्या आठवड्यात सगळ्या पोरांची नावं पाठ कर, त्यांच्या घरी उच्चारतात तशीच — नाव चुकलं की पोर गप्प होतं, आणि गप्प बसलेल्या पोराला काय समजलं नाही, ते तुला कधीच कळत नाही.