प्रार्थनेला पेंगणारा मुलगा

प्रश्न: मुलगा १३ वर्षांचा आहे. संडे स्कूल चुकवत नाही, पण घरच्या संध्याकाळच्या उपासनेत चक्क पेंगतो. आम्ही कुठे कमी पडलो?
– एक आई, अहिल्यानगर

उत्तर: ताई, पेंगणं म्हणजे अविश्वास नव्हे. (पेंगणारे मोठेही मी पाहिलेत, पहिल्या बाकावर!) विश्वास संडे स्कूलवर सोपवता येत नाही, तसा तासभराच्या उपासनेत कोंबताही येत नाही. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या ६व्या अध्यायात मुलांशी बोलायच्या वेळा दिल्यात: घरात, वाटेवर, निजताना, उठताना. तेव्हा उपासना दहा मिनिटांवर आणा. गीत त्याला निवडू द्या, ना. वा. टिळकांचं एखादं पेटीवर घेतलंत तर झोप उडेल. भांडी विसळताना स्वतःची चूक, मागितलेली क्षमा त्याला सांगा. शंका काढली तर दटावू नका. उत्तर येत नसेल तर तसं म्हणा. वचन पाठ नाही म्हणून जेवण मात्र अडवू नका.