पालटाचें ओझें

आयुष्यांत मोठा पालट आला म्हणजे मनुष्य थकतो, आणि पालट सुखाचा असला तरीही थकतो, हें आम्हां उपदेशकांच्या ध्यानांत लौकर येत नाहीं.

गेल्या पावसाळ्यांत आम्ही एका विधवा भगिनीस भेटावयास गेलों. पतीस मातीआड करून महिना झाला नव्हता. बैल विकले होते, शेत खंडानें दिलें होतें, व मुलगा तिला शहरांत नेणार होता. "बाई, गुणी मुलाजवळ जातां, मग रडतां कां?" असें आम्ही म्हणालों. ती म्हणाली, "पाळकसाहेब, सांज झाली कीं पाय गोठ्याकडंच वळतात." आम्हांस आमच्या बोलण्याची लाज वाटली.

१९६७ सालीं अमेरिकेंत थॉमस होम्स व रिचर्ड रे ह्या दोघां मानसोपचारतज्ज्ञांनीं आयुष्यांतील ४३ घटनांस अंक देऊन एक कोष्टक प्रसिद्ध केलें. जोडीदाराच्या मृत्यूस १०० अंक, हें कोणासही पटेल. पण विवाहास ५० आहेत, आणि नाताळाससुद्धां १२! (मंडळीचें नाताळचें जेवण ज्यांच्या गळ्यांत पडतें, त्यांस हे कमीच वाटतील.) असे अंक थोड्या काळांत फार सांचले तर देहासही आजार जडण्याचा संभव वाढतो, असें त्यांस आढळलें. कोष्टक म्हणजे भविष्य नव्हे. तरी ओझ्यावर ओझें कसें चढतें तें त्यावरून समजतें.

लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' ज्यांनीं वाचलीं असतील त्यांस हें नवें नाहीं. १८९५ सालीं टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि संसार दुभंगला. कांहीं वर्षांनीं त्या पतीजवळ परत आल्या, तरी सोंवळें एका दिवसांत सुटलें नाहीं. जें सुटलें तें त्यांच्या स्वतःच्या विचारानें, पायरीपायरीनें सुटलें. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. नव्या कुटुंबाकडून आठ दिवसांत सर्व कांहीं मागणाऱ्या आम्हां लोकांनीं हें प्रकरण पुन्हा वाचावें.

म्हणून ज्या घरीं मृत्यु, लग्न किंवा स्थलांतर घडलें असेल, तेथें टाळतां येण्याजोगा दुसरा पालट लांबणीवर टाकावा. घर विकण्याची, कर्ज काढण्याची घाई करूं नये. जेवणाची व निजण्याची वेळ मोडूं देऊं नये. आठवड्यांमागून आठवडे झोंप नाहीं, अन्न जात नाहीं, किंवा जीव नकोसा झाल्याचें बोलणें निघतें, तर प्रार्थना करावीच, पण त्या माणसास एकटें न सोडतां दवाखान्यांतही न्यावें.

ती भगिनी निघाली तेव्हां तिनें पाटावरवंटा गाडींत घेतला. मुलाच्या घरीं वाटण्याचें यंत्र आहे, असें मुलगा म्हणत होता. आम्ही पाट्यास हात लावून तो वर चढविला.