एका ‘कोई’वर उभं असलेलं गाणं

गॅदरिंगची तयारी सुरू झाली, की रेट्रो राउंडसाठी ‘आप जैसा कोई’चं नाव हमखास निघतं. यंदा मंडळाच्या बैठकीत एकाने विचारलंच, "डिस्को गाण्यात अभ्यास करण्यासारखं काय असतं? सगळा ठेकाच तर असतो." प्रश्न रास्त होता. त्यासाठी हे छोटं टिपण.

गाणं जमलं कसं?

हे गाणं १९८० च्या ‘कुर्बानी’ चित्रपटातलं. चित्रपटाला संगीत कल्याणजी-आनंदजींचं, पण हे गाणं बिड्डू यांचं. बिड्डू मूळचे बंगळूरचे. तिथे बँडमध्ये गात-वाजवत ते मोठे झाले आणि साठच्या दशकात लंडनला गेले. १९७४ मध्ये त्यांनी कार्ल डग्लसकडून ‘कुंग फू फायटिंग’ गाऊन घेतलं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूसाठी, उरलेल्या काही मिनिटांत उरकलेलं ते गाणं ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोचलं. ‘कुर्बानी’चे निर्माते-दिग्दर्शक फिरोझ खान यांचा जन्मही बंगळूरचाच. म्हणजे ही जोडी आपल्याच राजधानीची!

गायिका मात्र सीमेपलीकडची. कराचीत जन्मलेली नाझिया हसन तेव्हा फक्त १५ वर्षांची होती. इंग्लंडमधल्या एका पार्टीत फिरोझ खान यांची तिच्याशी ओळख झाली आणि त्यांनी तिचा आवाज बिड्डूंना ऐकवला. गाणं लंडनमध्ये रेकॉर्ड झालं, पडद्यावर ते झीनत अमानने सादर केलं आणि १९८१ मध्ये नाझियाला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

गंमत बघा. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानात लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्ड्सचा ढीग स्फोटाने उडवला होता. तिकडे डिस्कोला निरोप दिला जात होता आणि वर्षभरात इकडे त्याचं स्वागत झालं.

आता शब्दांकडे

गीतकार इंदीवर. ‘सरस्वतीचंद्र’मधलं ‘चंदन सा बदन’ लिहिणारे तेच. तिथे संस्कृत वळणाची शब्दकळा, इथे अगदी रोजच्या बोलण्यातले शब्द. पण साधे म्हणजे उथळ नव्हेत. मुखड्याचा अर्थ एवढाच, की तुमच्यासारखं कुणी माझ्या आयुष्यात आलं, तर जमून जाईल. नायिका ‘तुम्ही या’ असं म्हणत नाही, ‘तुमच्यासारखं कुणी’ म्हणते. मागणी नाही, नुसती शक्यता. प्रेमाची कबुलीही ‘तर’च्या आडून. म्हणून नाचाचं गाणं असूनही त्यात एक एकटेपणा आहे. नाझियाचा कोवळा, काहीसा अलिप्त आवाज त्याला नेमका शोभतो. कसलेल्या गायिकेने ते कदाचित जास्त सफाईने गायलं असतं, पण हे अंतर राहिलं नसतं.

१९८१ मध्ये बिड्डूंसोबतच नाझिया आणि तिचा भाऊ झोहेब यांचा ‘डिस्को दीवाने’ आला. १३ ऑगस्ट २००० रोजी नाझिया फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेली. वय अवघं ३५.

मग हे गाणं कुणाचं?

संगीतकार कर्नाटकातला, गायिका पाकिस्तानची, स्टुडिओ लंडनचा, चित्रपट मुंबईचा, ठेका अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय क्लबांतून आलेला. पाटी कुठल्या भाषेत लावायची यावर आपल्या भागात पिढ्यान् पिढ्या वाद चालत आलाय. त्या वादामागचं दुखणं खरं आहे, ते मी हलकं लेखत नाही. माझी भाषा मलाही प्यारी आहे. पण टिळकवाडीतल्या आमच्या गॅदरिंगला या गाण्यावर मराठी, कन्नड, कोंकणी बोलणारी पोरं एकाच वेळी उठतात, तेव्हा गाण्याची मालकी कुणी विचारत नाही. ‘कोई’ची जागा मोकळी ठेवलीय, ज्याला यायचं त्याने यावं.

करून बघा

१. गाण्याच्या नावाचं मराठी करा. हिंदीत दोनच लिंगं, म्हणून ‘जैसा’. मराठीत ‘सारखा’, ‘सारखी’ की ‘सारखं’? प्रत्येक पर्यायाने अर्थ कसा बदलतो?

२. ‘कोई’ काढून थेट ‘तू’ घाला. काय हरवतं, ते चार ओळींत लिहा.