दुकान एक, शौक अनेक : सूत्र कसे शोधावे?

वडिलांच्या गादीवर नव्याने बसलेले तरुण आमच्याकडे सल्ल्यासाठी येतात, तेव्हा त्यांच्या बोलण्याचा मतलब बहुधा एकच असतो. कपडा तर घरचाच आहे, पण मला अत्तराची समज आहे, पुस्तकांचा शौक आहे, बॅगांत नफा दिसतो. यातले काय ठेवू आणि काय सोडू? बुजुर्ग मंडळी याचे ठरलेले उत्तर देतात: एक धंदा धर, बाकी सारे बंद कर. हे उत्तर आम्हांस अपुरे वाटते. ज्याला अत्तराचा शौक आहे तो असली-नकली ओळखतो. ज्याला पुस्तकांचा शौक आहे तो कोणते पुस्तक कोणाच्या हाती द्यावे हे जाणतो. शौक हेही एक भांडवल आहे आणि ते बँकेतून मिळत नाही. ते फेकून द्या असे सांगणे सोपे, पण नुकसानीचे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. जे आवडले ते कपाटात भरत गेले की दुकानाचे कबाडखाने होते. गिऱ्हाईक आत येते, चारी बाजूंना पाहते आणि त्याला कळत नाही की आपण नेमके कशासाठी आलो. म्हणून आम्ही विचारणाऱ्यास असे सांगतो की शौक मोजू नका, त्या सर्वांना ओवणारा दोरा शोधा. आणि हा दोरा मालात शोधू नका. तो गिऱ्हाइकात असतो.

हे स्पष्ट होण्यासाठी काही जुन्या उदाहरणांकडे पाहू. अमेरिकेत फ्रँक वूलवर्थ याने 1879 साली पाच सेंटचे दुकान काढले. पहिले चालले नाही. त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर गावी काढलेले दुसरे चालले. मालात आपसात काही नाते नव्हते. दोरा होता तो किमतीचा. थोडे पैसे खिशात असलेला माणूस बेधडक आत येऊ शके. आपल्या बाजारातील ‘हर माल’ची हातगाडी हेच करते. दिल्लीत हकीम अब्दुल मजीद यांनी 1906 साली हमदर्द दवाखाना सुरू केला आणि पुढच्याच वर्षी रूहअफजा हे सरबत काढले. औषधाच्या दुकानात सरबत कसे, असा प्रश्न कोणाला पडला नाही, कारण दोन्हींमागे युनानी हिकमत होती आणि उन्हाळ्याने हैराण झालेले तेच गिऱ्हाईक होते. कपड्याच्या धंद्यातील उदाहरण फॅबइंडियाचे. जॉन बिसेल यांनी 1960 साली ही कंपनी काढली ती हातमागाचे गृहोपयोगी कापड परदेशी पाठविण्यासाठी. 1976 साली दिल्लीत ग्रेटर कैलाश येथे किरकोळ दुकान निघाले. पुढे तयार कपडे आले, खाण्याच्या वस्तूही आल्या. पडदा आणि लोणचे यांचे काय नाते? ज्याला कारागिराच्या हातची, गावाकडची चीज पाहिजे तो दोन्ही घेतो, इतकेच नाते. पण तेवढे पुरेसे ठरले.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) हिजरत करून मदीन्यात आले, तेव्हा त्यांनी अन्सारी भावाची अर्धी मालमत्ता घेण्याऐवजी बाजाराचा रस्ता विचारला, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. त्यांनी तेथे सुरुवात कशाने केली हे मात्र थोड्यांच्या ध्यानात राहते. पनीर आणि तूप. जिनसा दोन, पण दोन्ही दुधाच्याच आणि दोन्ही एकाच घराच्या चुलीपाशी जाणाऱ्या. हे आमचे व्यापाऱ्याच्या नजरेचे निरीक्षण आहे. आलिमांनी ते तसेच समजावे.

आता एका प्रत्यक्ष दुकानाकडे येऊ. तालुक्याच्या गावी एका तरुणाकडे वडिलांच्या इंतकालानंतर शर्टिंग-सूटिंगचे दुकान आले. आई आणि दोन लहान बहिणी त्याच गल्ल्यावर अवलंबून. तयार कपड्यांमुळे शर्टिंग मंदावले होते, म्हणून त्याने तीन वर्षांत लेडीज ड्रेस मटेरियल, अत्तर, टोप्या, दीनी पुस्तके, शाळेची दप्तरे आणि मोबाइलची कव्हरे असे एकेक वाढविले. विक्री होत होती, पण सुरतेच्या व्यापाऱ्याची उधारी थकत गेली आणि त्याने पुढचा माल रोखीने उचला असे कळविले. दुकान भाड्याने देऊन नोकरी धरावी, असे घरात बोलणे सुरू झाले होते. या अवस्थेत तो आमच्याकडे आला.

आम्ही त्याला तीन महिने एक वही ठेवण्यास सांगितले. बिलबुकावर भागत नाही, याचे कारण व्यापारी वाचक जाणतातच: दोनशे रुपयांच्या आतील किरकोळ विक्रीचे वेगळे बिल नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाने मागितले नाही तर जीएसटीत द्यावे लागत नाही, दिवसअखेर एकत्र नोंद चालते. त्यामुळे टोपी, रुमाल, अत्तराची लहान शिशी हे सारे बिलबुकातून गायब असते. यूपीआयच्या हिशोबात रक्कम दिसते, जिन्नस दिसत नाही. म्हणून वही. प्रत्येक गिऱ्हाइकाला एक ओळ आणि त्या ओळीत तीन गोष्टी: काय काय घेतले, कशासाठी घेतले, आणि काय मागितले जे आपल्याकडे नव्हते. ‘कशासाठी’ हे विचारावे लागत नाही, गिऱ्हाईक आपणहून सांगते. भाच्याचा निकाह आहे, अब्बांचा उमराह ठरला आहे, असे बोलत बोलतच कापड फाडून घेतले जाते.

या वहीत पाहायचे ते हे की एका ओळीत कोणत्या जिनसा जोडीने येतात. तिच्यातून निघाले ते त्या तरुणास अनपेक्षित होते. त्याच्या समजुतीने ड्रेस मटेरियल हा दुकानाचा मुख्य माल, कारण मोठी रक्कम त्यातच येई. पण ड्रेस मटेरियल घेणारी गिऱ्हाइके दुसरे काहीही घेत नव्हती, आणि रंग-डिझाइन जुने झाले की तो माल पडून राही. मोबाइल कव्हर घेणारा तर आत न येता पायरीवरूनच जाई. याउलट कुर्त्यासाठी पांढरे कापड घेणाऱ्याच्या ओळीत टोपी, रुमाल आणि अत्तर वारंवार दिसत होते. उमराहला जाणाऱ्यांच्या ओळीत दुआंची पुस्तिका होती आणि ‘मागितले पण नव्हते’ या रकान्यात एहरामची चादर, कमरेचा पट्टा, बिगरसुगंधी साबण व प्रवासाची बॅग पुन्हा पुन्हा येत होते.

पांढरा कुर्ता, अत्तर, पुस्तिका, बॅग. त्याचे सगळे शौक या यादीत होतेच! दोरा असा निघाला: नमाज, ईद, निकाह आणि उमराह यांसाठी तयारी करणारा मर्द माणूस आणि त्याचे घर. या एका वाक्यासमोर कपाटातील प्रत्येक जिन्नस आणून उभी करता आली. शर्टिंगमधील पांढरे व फिके कापड राहिले, गडद चौकटी गेल्या. शाळेच्या दप्तरांऐवजी प्रवासाच्या बॅगा आल्या. पुस्तके राहिली, पण निवड बदलली; जाड ग्रंथ घरी गेले आणि खिशात मावतील अशा पुस्तिका आल्या. सूत्र काय वगळावे हेही सांगते, आणि बारकाईने सांगते. एहरामच्या अवस्थेत सुगंध वर्ज्य असल्याने एहरामच्या कपाटात सुगंधी साबण ठेवून चालणार नाही, अत्तराचे कपाट निराळेच हवे. ज्याला हे ठाऊक आहे त्याच्याकडे उमराहचा प्रवासी विश्वासाने येतो. हे ज्ञान त्या मुलाकडे पुस्तकांच्या शौकातून आलेले होते.

ड्रेस मटेरियलचे काय केले? सुरतेचा व्यापारी माल परत घेईना. तेव्हा आमच्या सांगण्यावरून त्याने तो सारा त्याच गल्लीतील एका दुकानदारास खरेदीच्या भावाने दिला, ज्याचा तो मुख्य धंदा होता. आलेल्या पैशांतून उधारीचा मोठा भाग फिटला. आता ड्रेस मटेरियल विचारणाऱ्यास तो स्वतः त्या दुकानाकडे पाठवितो, आणि तेथून कुर्त्याचे गिऱ्हाईक याच्याकडे येते. नफा न घेता माल काढणे जिवावर येते खरे, परंतु येथे हिशोब पाहावा. समजा एक लाख रुपये अशा मालात गुंतविले ज्यात शेकडा 10 सुटतात, पण माल वर्षात सहा वेळा फिरतो: साठ हजार ढोबळ नफा. तेच एक लाख शेकडा 35 सुटणाऱ्या, पण वर्षात एकदाच फिरणाऱ्या मालात घातले तर पस्तीस हजार. तरुण दुकानदार 35 चा आकडा पाहून भुलतो आणि वर्षभर कपाटाला पहारा देतो.

अनेक जिनसांचा आणखी एक खर्च असतो जो वहीत दिसत नाही. 2017 पासून जीएसटी आहे. कापडाला एक दर, अत्तराला दुसरा, छापील पुस्तकांना शून्य. कॉम्पोझिशनमध्ये नसलेल्या दुकानदारास प्रत्येक नव्या जिनसेबरोबर नवा एचएसएन कोड आणि हिशोबनीसाची नवी कटकट घ्यावी लागते. सूत्रात बसणाऱ्या जिनसेसाठी ती घ्यावी. पायरीवरून विकल्या जाणाऱ्या कव्हरासाठी का घ्यावी?

जकातीच्या हिशोबालाही आम्ही या कामी उपयोगी मानतो. विक्रीसाठी ठेवलेल्या मालावर चाळीसावा हिस्सा जकात आहे आणि हनफी मसलकानुसार पडून असलेला मालही चालू बाजारभावाने धरावा लागतो. तपशील आपल्या आलिमांना विचारावा. बहुतेक दुकानदार अंदाजाने एक रक्कम ठरवितात. त्याऐवजी जिन्नसवार यादी केली, तर फर्जही नीट अदा होईल आणि कोणत्या मालात मुद्दल अडकले आहे हेही डोळ्यांसमोर येईल. दोन वर्षे लागोपाठ जो ताका जकातीच्या यादीत जसाच्या तसा सापडतो, त्याच्याविषयी आणखी काय सांगावे?

सूत्र ठरविताना दोन टोके टाळावी लागतात. ‘सर्व प्रकारचा कपडा मिळेल’ हे सूत्र नव्हे. बाजारातील दर तिसऱ्या पाटीवर तेच लिहिलेले असते. आणि ‘फक्त टोप्या’ हे मुंबईत मिनारा मशिदीच्या परिसरात चालेल, तालुक्याच्या गावी त्यावर घर चालणार नाही. योग्य सूत्राची परीक्षा अशी की एक गिऱ्हाईक दुसऱ्यास रस्त्यात ते एका दमात सांगू शकले पाहिजे. ‘उमराहला जातोस? मग अमक्याकडे जा.’ हे वाक्य कानावर आले की समजावे दोरा हाती लागला. दुकानदाराने स्वतः ते वाक्य रचून काही होत नाही.

ठोक व्यापाराचा मामला निराळा आहे. इचलकरंजीचे पॉपलीन, सोलापूरची चादर व टॉवेल अशी तेथे गावाचीच ओळख असते, आणि मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमध्ये व्यापारी एका क्वालिटीवर उभे आयुष्य काढतो. तसेच ज्या खेड्यात एकच दुकान आहे तेथे ही चर्चा लागू नाही. कोकणातील वाडीत एकाच फळीवर साबण, छत्री आणि लुंगी असते, आणि तेच बरोबर आहे. तेथे जवळ असणे हेच सूत्र. शहरातला एखादा शहाणा जाऊन त्यास ‘एकच धंदा कर’ म्हणेल तर त्याने ऐकू नये.

राहिले ते शौक जे कोणत्याच सूत्रात बसत नाहीत. त्यांना दुकानात आणण्याची सक्ती नाही. इमाम अबू हनीफा (रह.) कूफ्यात रेशमी वस्त्राचे व्यापारी होते, फिकहचा त्यांचा दरस निराळा आणि दुकान निराळे. आम्हांसही उर्दू शाळेपासून मुशायऱ्याचा शौक आहे, आणि तो कापडाच्या ताक्यावर छापून विकावा असे आम्हांस कधी वाटले नाही. संध्याकाळी शटर ओढल्यावर त्याला पुष्कळ जागा असते.

वही सुरू करण्यास शाबान महिना चांगला. रमजान-ईदची गर्दी तीत येते आणि ईदनंतरचे मंदीचे दिवसही येतात; केवळ गर्दीच्या महिन्यावरून सूत्र ठरविले तर ते फसवे निघते. नवी पाटी मात्र घाईने रंगवून घेऊ नये. त्या तरुणाने अजून वडिलांच्याच नावाची जुनी पाटी ठेवली आहे, आणि तिच्याखालची जागा पेंटरला मोकळी सोडावयास सांगितली आहे.